कावळ्याचा भात, शेजारणीची किल्ली

आमच्या तंजावुरात घरच्या माणसांआधी कावळा जेवतो. भात उतरला की मूठभर बाजूला काढायचा, वर वरण-तुपाचा थेंब टाकायचा, गच्चीच्या कठड्यावर ठेवायचा आणि 'का का' करून हाक मारायची. त्याने चोच लावली की मग आपलं पान. यजमान गेल्यापासून तर मी हे एक दिवस चुकवलेलं नाही. कावळ्याच्या रूपाने कोण येऊन जेवतं, ते आपल्याला थोडंच कळतं?

म्हणून लेकीने इंग्लंडला बोलावलं तेव्हा मी पहिलं विचारलं, "तिकडे कावळे आहेत का गं?"

"आई, थंडीचं विचार, विमानाचं विचार! कावळ्याचं काय विचारतेस?" ती फोनवर हसत सुटली. हसू दे. जन्मभर मी शाळेत गणित शिकवलं, मला उत्तर मिळाल्याशिवाय पुढे जाता येत नाही.

लेक तिकडच्या इस्पितळात नर्स. जावयाची नोकरी दुसऱ्या शहरात, तो शुक्रवारी रात्री यायचा नि सोमवारी पहाटे निघायचा. नात दहा महिन्यांची. लेकीची बाळंतपणाची रजा संपली होती आणि पोरीला सांभाळायला मी हवी होते. सहा महिन्यांचं ठरलं होतं. पण गेल्या गेल्या पंधरवड्यातच लेक म्हणाली, "आई, आता इथंच राहा ना. तंजावूरचं घर विकून टाकू." मी बरं म्हटलं नाही, नाही म्हटलं नाही.

गाव म्हणजे बाजाराचं छोटं गाव. मध्ये चौक, चौकात चर्च, आणि दर बुधवारी त्या चौकात मांडव पडायचे. चीज, मासे, फुलझाडं, मोजे, सगळं. बुधवार मला आवडायचा. भाजीवाला मला चक्क 'डार्लिंग' म्हणायचा! साठी उलटलेल्या विधवा बाईला! पहिल्या वेळी मी इकडेतिकडे बघितलं, दुसऱ्या कुणाला म्हणतोय की काय. लेक म्हणाली, "आई, तो मेंढीलाही डार्लिंग म्हणेल, तू भाव कर." भाव केला, पण कमी करत नव्हता लबाड. आणि भाजीबरोबर कढीपत्त्याची काडी फुकट टाकायची रीत तर त्या देशाला ठाऊकच नाही.

बाकीचे दिवस मात्र शांतता. पाच वाजले की दुकानं बंद. आमची गल्ली लाल विटांच्या घरांची, भिंतीला भिंत लागलेली, पण आवाज म्हणून नाही. सगळ्या खिडक्यांना पडदे. समोरून कुणी आलं तर 'मॉर्निंग' म्हणायचं, आभाळ कसं आहे ते सांगायचं, संपलं. मला वाटे, देवा, या पडद्यांच्या गावात माझी पोर एकटी, नवरा आठवडाभर बाहेर, कडेवर तान्हं. रात्री-बेरात्री काही झालं तर हिच्या हाकेला कोण येईल? मला घरी जायचं होतं. खरं सांगते, तंजावूरच्या आठवणीने जीव कासावीस व्हायचा. पण पोरीला असं टाकून जायचं कसं? त्या एका प्रश्नापाशी माझं गाडं अडलेलं होतं.

कावळे मात्र होते. आपल्यासारखे मानेला राखाडी नव्हेत, नखशिखांत काळे, धष्टपुष्ट. पुढच्या दारासमोर ठेंगणी भिंत होती, तिच्यावर मी रोज दुपारी भात ठेवायची. तिथलं दार मोठं अवलक्षणी, मागे लोटलं की आपोआप कुलूप लागतं, बाहेरून किल्लीशिवाय उघडत नाही. म्हणून मी एक चप्पल उंबऱ्यात अडकवून अनवाणी बाहेर जायची. कावळ्याला वाढताना पायात चप्पल नकोच, त्यामुळे दोन्ही कामं एकदम व्हायची.

चौथ्या-पाचव्या दिवशीच कावळ्यांमागून कबुतरं आली. आणि आठवड्याने बघते तर काय, शेजारच्या बाईने आपल्या फाटकाच्या खांबावर हे एवढं प्लास्टिकचं घुबड आणून बसवलेलं! तोंड बरोब्बर माझ्या भाताकडे. ही बाई एकटी राहायची, पांढरे केस, ताठ पाठ, माझ्याहून दहा वर्षांनी तरी मोठी असेल. माझ्या नाकाला मिरच्या झोंबल्या. पितरांच्या पानासमोर घुबड? मी इकडेतिकडे बघितलं आणि घुबडाचं तोंड तिच्याच दाराकडे फिरवून ठेवलं. दुसऱ्या दिवशी ते परत माझ्याकडे. मी परत फिरवलं. असं रोज चाललं. तोंडाने आम्ही दोघी 'मॉर्निंग'च्या पुढे गेलो नाही, पण घुबडाची मान मोडायची वेळ आली होती!

मग तो दिवस आला. लेक कामावर, जावई त्याच्या शहरात, नात पाळण्यात झोपलेली. पापड तळायला मी कढईत तेल ठेवलं, शेगडी लावली, आणि म्हटलं, तेल तापेपर्यंत कावळ्याचा भात ठेवून येऊ. कुठून ती बुद्धी झाली कोण जाणे. बाहेर पायरी ओलीचिंब आणि थंडगार होती. चप्पल दारात अडकवायची ती, पायांना गारवा सोसेना म्हणून, मी पायात घातली. भात ठेवला, 'का का' केलं, आणि मागे दार लागल्याचा आवाज आला.

पायाखालची जमीन सरकणं म्हणजे काय ते मला त्या दिवशी कळलं. फोन आत. किल्ली आत. पोर आत, आणि शेगडीवर तेल. मी दार ढकललं, खांद्याने धडका दिल्या. टपाल टाकायच्या फटीतून आत बघितलं तर फक्त चटईचा तुकडा दिसला. तेवढ्यात पोर जागी होऊन रडायला लागली. आणि तेलाचा वास आला. का भासच झाला, मला अजून सांगता येणार नाही.

तंजावुरात असते तर एका हाकेला गल्ली धावली असती. दहा माणसं, पंधरा सल्ले. इथे मी रस्त्यात उभी राहून ओरडले, आधी मराठीत, मग तमिळमध्ये, "अय्यो, कुणी या हो!" आयुष्यभराचं इंग्रजी एका क्षणात पळून गेलं. सगळे पडदे जागच्या जागी. मी रडत होते, दार बडवत होते.

शेजारचं दार उघडलं. ती बाई घरातल्या सपाता घालून बाहेर आली. माझ्याकडे बघितलं, दाराकडे बघितलं, आणि परत आत गेली. मी मनात म्हटलं, गेली! घुबडाचा सूड घेतला मेलीने!

ती आली ती किल्ली घेऊन. आमच्या दाराची किल्ली! दार उघडून माझ्याआधी तीच स्वयंपाकघरात गेली, शेगडी बंद केली, धूर धरलेली कढई झाकली, खिडकी उघडली. मी पोरीला उचललं आणि तिथेच जमिनीवर बसले. माझा जीव भांड्यात पडला. बाईने चहा केला, माझ्या हातात कप दिला आणि माझी बोटं कपाभोवती नीट धरून ठेवली. मग हळूच म्हणाली, "तुमच्या कावळ्यांशी माझं भांडण नाही. मला कबुतरं नकोत."

संध्याकाळी लेक आली तेव्हा सगळं उलगडलं. ती त्या घरात राहायला आली त्याच आठवड्यात दोघींनी एकमेकींना किल्ल्या दिल्या होत्या. बाई एकटी. सकाळी तिचा पडदा उघडलेला दिसला की लेक समजते, ती ठीक आहे. नाही दिसला तर जाऊन दार वाजवते. आणि नातीला मध्यरात्री ताप चढला होता तेव्हा गाडी काढून इस्पितळात नेलं होतं ते याच बाईने.

"मग मला सांगितलं का नाहीस?" मी तडकले.

"तू विचारलंस कुठे? तू तर तिच्या घुबडाशी भांडत होतीस!"

मी हसले, आणि हसता हसता रडले. किती महिन्यांचं ओझं एकदम उतरलं होतं. माझी पोर एकटी नव्हती. मी रात्र रात्र जागून जी काळजी वाहिली, ती त्या पडद्यांमागे कुणीतरी आधीच वाटून घेतली होती. "ठरलेल्या दिवसाचं माझं तिकीट काढ," मी म्हटलं. लेकीने डोळे पुसले आणि हो म्हणाली. निघाले त्या दिवशी बघितलं, घुबडाचं तोंड बाईच्या दाराकडे होतं, आणि मी हात लावलेला नव्हता.

आता मी माझ्या घरी आहे. खाली रस्त्यावर रिक्षांचे भोंगे, समोर फुलवालीचा गलका, गच्चीवर राखाडी मानेचे माझे कावळे. पण पहिल्याच फोनवर लेकीने विचारलं, "आई, तुझ्या घराची किल्ली कुणाकडे आहे?"

कुणाकडेच नव्हती. आपल्या गावात किल्ली कशाला, हाक मारली की झालं, असं मी म्हणायची. पण ज्या घरांतून माणसं धावून यायची त्यांतली किती घरं आता बंद, कितींच्या खिडक्या एसीसाठी लावलेल्या! त्याच संध्याकाळी खालच्या मजल्यावरच्या तमिळ बाईकडे गेले. पाण्याच्या मोटारीवरून आमची बरेच दिवस कुरबुर होती. तिच्या हातात किल्ली ठेवली आणि सांगितलं, "सकाळी माझी रस्त्याकडची खिडकी उघडी दिसली नाही तर वर ये."

तिने आधी माझ्या कपाळाला हात लावून पाहिला, ताप आहे का म्हणून!

परवा पहाटे पावसाळी गारव्यात माझा डोळा लागला, उठायला उशीर झाला. जाग आली ती जिन्यातल्या धावत्या पावलांनी. "अक्का! अक्का!" कुलपात किल्ली फिरली आणि ती विस्कटल्या केसांनी, अर्धं गुंडाळलेलं पातळ सावरत, थेट माझ्या खाटेपाशी.

"अगं आहे मी! जिवंत आहे!" मी म्हटलं.

तिने मला चार शिव्या दिल्या, धाप टाकत खाटेवर बसली आणि माझा हात सोडेना.