सुधारलेल्या नवऱ्याचं औक्षण

"घे गं ताट. ओवाळ त्याला. कुंकू ठसठशीत लाव, फोटोत दिसलं पाहिजे."

मॅडमनी ताट हातात दिलं तेव्हा मी स्टेजवर उभी होते. ठाण्यातला एसी हॉल. एसी असा की पहिल्या रांगेतल्या पाहुण्यांच्या मिशांवर दव पडावं. समोर पाटावर माझा नवरा. खांद्यावर शाल, मांडीवर नारळ, चेहरा असा की आत्ताच अक्षता पडल्यात. मारकुट्या नवऱ्यांना सुधारायचा वर्ग असतो. माझा नवरा त्यात पास झालेला. म्हणून मी त्याला ओवाळायचं.

मी म्हटलं, "मॅडम, आम्ही बौद्ध. आमच्यात ओवाळत नाहीत."

मॅडमनी माइक बाजूला धरला. हसल्या. "अगं, यात जात कुठे आणतेस? नवऱ्याचं कौतुक करायला जात लागते का? चल, पाहुणे खोळंबलेत."

ताट त्यांनी आणलं. जात म्हणे मी आणली.

पुढचंही सगळं ठरलेलं. मी ओवाळायचं, माइकवर दोन गोड शब्द बोलायचे आणि सोमवारी कोर्टात जाऊन नवऱ्याविरुद्धची केस मागे घ्यायची. हे माझ्याशी ठरलं नव्हतं. माझ्याबद्दल ठरलं होतं.

इथवर कशी आले ते सांगते. मी दिव्याची, ठाण्याच्या पुढच्या. आमच्या दिव्यात सकाळी बिल्डिंगचा पाया खणतात आणि संध्याकाळी चौथ्या मजल्यावर भाडेकरू टॉवेल वाळत घालतो. पाणी निवडणुकीतल्या उमेदवारासारखं, येतो येतो म्हणतं आणि आलंच तर बादलीभर आश्वासन देऊन जातं. तिथे आमची एक खोली. खोलीत माझ्या नवऱ्याचा हात. हात एवढा लांब की दिव्यात उगारला तर मुंब्र्यातल्या माणसाने मान खाली घालावी.

मी ठाण्यात पोळीभाजी केंद्रात पोळ्या लाटते. तिथल्या बायका विचारायच्या, डोळ्याला काय झालं? आधी मी हंड्याचं नाव सांगितलं. मग मोरीच्या कठड्याचं. मग स्टुलाचं. घरातल्या सगळ्या सामानाची बदनामी करून झाली तेव्हा सांगितलं, की खाडीवरून घार आली, माझा गाल भाकरी समजली आणि चोच मारून गेली. बायका हसून हसून पिठात पडल्या. एक मात्र हसली नाही. लाटणं न थांबवता म्हणाली, "घारीला मिशा होत्या का गं?"

त्या दिवशी मी हात धुतले आणि सरळ चौकीत गेले. चौकीतून प्रकरण कोर्टात गेलं. आणि मध्येच मॅडम आल्या.

नवरा ठाण्यातच, बाळकुमच्या एका टॉवरमध्ये लिफ्टचं काम बघतो. मॅडम तिथेच वर राहतात. त्यांच्या संस्थेचा वर्ग दर शनिवारी त्याच टॉवरच्या क्लबहाऊसमध्ये भरतो. केस झाल्याचं कळल्यावर त्यांनी मला बोलावून घेतलं. म्हणाल्या, "त्याला माझ्यावर सोपव. इतका नम्र आहे गं तो. लिफ्टचं दार धरून उभा राहतो माझ्यासाठी."

वर्ग सुरू झाला आणि मार थांबला. खोटं कशाला सांगू? खरंच थांबला. मी गालाला हात लावून बघायचे, हा माझाच का म्हणून.

नवरा नवीन शब्द घेऊन घरी यायला लागला. आधी म्हणायचा, "तोंड बंद कर." आता म्हणायचा, "तुझ्या बोलण्याने मी ट्रिगर होतोय." मतलब तोच, फक्त इस्त्री केलेला. श्वास घ्यायलाही शिकवलेलं. असा श्वास ओढायचा की भिंतीवरचं कॅलेंडर त्याच्याकडे झुकावं. आणि सगळ्यात मोठी विद्या म्हणजे टाइम-आउट. राग चढला की भांडण तिथेच सोडायचं, घराबाहेर पडायचं, डोकं थंड झालं की परत यायचं. चांगलीच गोष्ट आहे. कुणीही चांगली म्हणेल.

माझा नवरा बाहेर पडायचा आणि बाहेरून कुलूप लावायचा. माझा मोबाईल स्वतःच्या खिशात घालून.

मी आत. खाली टँकर आलेला. बायकांचं महायुद्ध चाललेलं ऐकू यायचं आणि माझे हंडे माझ्याबरोबर आत कोंडलेले. कामावर दांडी. शेठाणीच्या शिव्या. तो कधी जेवणवेळेला यायचा, कधी दुसऱ्या दिवशी. आला की दोन्ही हात वर करून दाखवायचा. "बघ. बोट तरी लावलं का?"

वर्गाकडून चौकशीही व्हायची. संस्थेतली एक मुलगी फोन करायची, घरी मारहाण झाली का विचारायला. फोन यायचा त्याच्या मोबाईलवर. तो स्पीकर लावून मोबाईल माझ्या तोंडासमोर धरायचा आणि माझ्याकडे बघत बसायचा. मी सांगायचे, "नाही." पलीकडून मुलगी म्हणायची, "वा, छान!" कुलपाचं कुणी विचारलंच नाही.

मग मीच सांगायचं ठरवलं. एक दिवस कामावरून परस्पर बाळकुमला गेले. मॅडमचा सोफा एवढा खोल की मी बसले तर माझं फक्त डोकं वर राहिलं. तिथून सगळं सांगितलं. कुलूप, मोबाईल, टँकर. मॅडम डोळे मिटून ऐकत होत्या. मग डोळे उघडले.

"पण मारतो का आता?"

"नाही."

"मग बघ ना! केवढी प्रगती आहे ही. तुमच्याकडच्या पुरुषांमध्ये एवढंही सोपं नसतं गं."

तुमच्याकडच्या. तेव्हा जात कुणी आणली ते मी विचारलं नाही. सोफ्यातून वर यायलाच वेळ लागत होता.

मॅडम म्हणाल्या, आपण मोकळेपणाने समोरासमोर बोलून टाकू. मला वाटलं, पुढे कधीतरी. त्यांनी इंटरकॉम उचलला आणि खाली सांगितलं, लिफ्टवाल्याला वर पाठवा. तो आला. मी विश्वासाने सांगितलेलं सगळं त्यांनी माझ्यासमोर त्याला सांगितलं, शब्दाला शब्द. तो हात जोडून उभा.

"चुकलं, मॅडम. काळजीपोटी लावतो कुलूप. आमचा एरिया चांगला नाही."

मॅडमच्या डोळ्यांत पाणी आलं.

त्यानंतरचा टाइम-आउट लांबला. शेजारच्या मावशींनी खिडकीच्या गजांतून पाण्याच्या बाटल्या आत सरकवल्या, वर दोन केळी. म्हणाल्या, "पोपटाला पिंजऱ्यात निदान मिरची तरी देतात गं." मी हसले. हसता हसता भिंतीला टेकून खाली बसले आणि बराच वेळ उठले नाही.

वर्गात गेलेला कुणीच सुधारत नाही, असं मी म्हणणार नाही. एक सुधारलेला मी बघितलाय. बाळकुमच्या जुन्या गावठाणातले डॉमनिक काका. पूर्वी पिऊन बायकोला मारायचे, सगळ्या गावाला माहीत. आता स्वतः मासळी साफ करतात आणि काकी खुर्चीत बसून चुका काढतात. समारंभाला काकी माझ्या शेजारी बसलेल्या. मी हळूच विचारलं, "काकी, वर्गात असं काय शिकवलं हो त्यांना?"

"ते देवालाच ठाऊक," काकी म्हणाल्या. "मी आधी पोरींना घेऊन भावाकडे गेले. निरोप धाडला, वर्ग पुरा कर, दारू सोड, मी लांबून बघेन. मग ठरवेन, यायचं का नाही. त्याला पास करणारी मी. ही बया कोण?"

तेवढ्यात माझं नाव पुकारलं.

तर मी स्टेजवर. ताट हातात. नवऱ्याने कपाळ पुढे केलेलं, कुंकवासाठी. त्याच्या आईनेही जन्मात त्याला ओवाळलं नव्हतं. पण मॅडमना आवडतंय म्हटल्यावर त्याची मान आपोआप झुकलेली. माझ्याकडे तो बघतच नव्हता. मी काय करणार हे त्याला पक्कं ठाऊक होतं. हॉललाही ठाऊक होतं. माझ्यासकट सगळ्यांनी टाळ्यांची तयारी केलेली.

मी वाकले आणि ताट खाली ठेवलं. हळूच. निरांजन सांडू दिलं नाही. मॅडमच्या हातातून माइक घेतला. हंडा, मोरी, घार काही आठवेना. म्हटलं, "हा आता मला मारत नाही. कोंडतो. मॅडमना मी सांगितलंय. मी ओवाळणार नाही. केस मागे घेणार नाही."

एवढंच. एवढं कमी मी जन्मात कधी बोलले नव्हते.

मॅडमनी माइक परत घेतला. "ताई जरा भावुक झाल्यात. एवढ्या वर्षांचं दुःख असतं, ते असं बाहेर पडतं. त्यांच्यासाठी जोरदार टाळ्या!"

वाजल्या. माझ्या नकारालाही टाळ्या वाजल्या. नवऱ्याने डोळे मिटले, छाती भरून श्वास घेतला, शिकवलेला तसाच. पाहुण्यांनी एकमेकांना कौतुकाने खुणावलं. मग तो उठला, शाल सावरली, माझ्या कानाशी आला आणि फोटोवाल्याकडे हसून बघत म्हणाला, "घरी चल."

वर्गाचा निकाल मला तिथे ऐकू आला.

मी घरी गेले नाही. डॉमनिक काकींनी हाताला धरून मागच्या जिन्याने खाली आणलं, रिक्षात बसवलं. आता खडवलीला बहिणीकडे असते. तिथून ठाण्यात कामाला येणं म्हणजे लाटायला निघालेली पोळी पोचेपर्यंत शिळी. थकते. हाडं बोलतात. कोर्टात तारीख पडते, मग पुढची पडते. त्याच्या वकिलाने वर्गाचं सर्टिफिकेट लावलंय, रंगीत. तरी जाते.

ऐकते, की आता तो वर्गात पुढे बसतो. नव्या पुरुषांना टाइम-आउट समजावून सांगतो. मॅडम म्हणतात, त्याच्यात नेतृत्व आहे.

म्हणून ज्या शनिवारी वर्गाला बायकांनाही बोलावतात, त्या शनिवारी मी बाळकुमला जाते. टॉवरच्या गेटवर उभी राहते. नवरे आत जाऊ देते, त्यांना काही विचारत नाही. बायकोला बाजूला घेते, नवऱ्याच्या कानापासून लांब. विचारते, "मारतो का, ते राहू दे. तुला वाटलं तर आज तू एकटी कुठे जाऊ शकतेस का?"

काही जणी मला वेडी समजतात. एक तर अंगावर धावून आली. परवा एकीने नवरा आत गेला का ते वळून बघितलं. पर्समधून पेन काढलं, माझा नंबर दंडावर लिहून घेतला आणि बाही खाली ओढून आत गेली.

वॉचमनला वरून सांगितलंय, हिला उभी राहू देऊ नका. तो गयावया करतो, "ताई, निघा ना, माझी नोकरी जाईल." त्याच्याशी माझं भांडण नाही. मी रस्ता ओलांडते आणि समोरच्या फुटपाथवर उभी राहते. फुटपाथ सोसायटीचा नाही.