धूर पुलाकडे जायचा

भिकुबाईनं कपाशीच्या वाळल्या पऱ्हाटीच्या जाळावर वांगी टाकली आणि तोंडानंच फुंकर मारली. धूर सरळ डोळ्यात. पदरानं डोळे पुसले, चिमट्यानं वांगं उलटं केलं आणि कान रस्त्याकडे लावून बसली.

रस्ता म्हणजे जुना हायवे. एकेकाळी धुळ्याहून जळगावला जाणारी प्रत्येक गाडी चिंचखेड्यातून जायची, तिच्या भरिताच्या टपरीसमोरून. आता बायपास झाला. गाव तसंच बाजूला सोडून गाड्या पुलावरून सुसाट जातात. जुन्या रस्त्यावर कुत्री झोपतात, तीही मधोमध. त्यांनाही कळलं, इथं कोणी येत नाही. भिकुबाईला कळत नव्हतं असं नाही. तिला ते मान्य नव्हतं.

कारण रतिलाल. एसटीचा ड्रायव्हर, धुळ्याचा. दुपारची जळगाव गाडी त्याची. तो नाल्याच्या वळणावर आला की दोनदा हॉर्न द्यायचा. हॉर्न ऐकला की भिकुबाई कळण्याची भाकरी तव्यावर टाकायची. गाडी थांबून, तो हात धुऊन बाकड्यावर बसेपर्यंत भाकरी टम्म फुगलेली. ज्वारी-उडदाची ती भाकरी गार झाली की चामडं होते, म्हणून ही पद्धत. रतिलाल बसला की कंडक्टर बसायचा, मग अख्खी गाडी उतरायची. इतकी वर्षं जेवला माणूस, पण फोन नंबर घ्यायचं दोघांनाही कधी सुचलं नाही. हॉर्न होता ना!

दिवाळीत बायपास सुरू झाला. आधी ट्रकवाले गेले, मागोमाग एसटीही वरून जाऊ लागली. मग पंप बंद पडला, रसवंती उचलली गेली. हे ठीक. पण ज्यांना रस्त्यावर काही विकायचं नव्हतं, तीही घरं का रिकामी होताहेत ते तिला समजेना. मग समजलं. जळगावला कॉलेजात जाणाऱ्या पोरींना गाडीसाठी बायपासपर्यंत एकटं चालावं लागायचं. आयबापांनी सरळ जळगावातच खोल्या केल्या. बाकीच्यांनी सुरत धरली. गल्लीत कुलपंच कुलपं.

शेवटी शेजारच्या पंक्चरवाल्या कुंदननंही बायपासला दुकान टाकायला हवेची मशीन छोट्या हत्ती टेम्पोत चढवली.

"मावशी, चाल ना वं. तठे मन्हा शेजारे जागा शे. बठ्ठं गिऱ्हाईक तठे गयं."

"मी तठे जाऊ, आनि रतिलाल आठे उना तं?"

"तो काय तुन्हा जावई शे?"

"जावई नई. पन जावयापेक्षा येळवर येस."

कुंदन हसला. मग गाडीवर चढता चढता बोलून गेला, "तो आते वरतून जास मावशी. खाले देखत बी नई."

हे तिला लागलं. वांगी ठेचायच्या लाकडी बडजीत तिनं मिरच्या अशा कुटल्या की कुंदन गाडीवरच शिंकला. त्याच्याशी ती पुढं बोललीच नाही.

लोक म्हणायचे, म्हातारी हट्टी आहे. हट्ट गेला खड्ड्यात! एक माणूस आपल्या भरवशावर उपाशी येणार आणि आपण चूल विझवून बसायचं, हे तिला जमत नव्हतं, एवढंच.

रोज त्याच वेळेला जाळ करायचा. पीठ मळून ठेवायचं. कान लावायचा. बायपासवरून नुसती घरघर यायची, एका गाडीतून दुसरी वेगळी काढता यायची नाही. पीठ संध्याकाळी गायीला.

सुरतेहून पोराचा, स्वप्नीलचा फोन आला. "माय, आखाजीले येस मी. जाताना तुले लई जासू."

ती म्हणाली, "आखाजीलोंग रतिलालना हॉर्न उना तं मी येवाव नई. नई उना तं चाल."

स्वप्नील लगेच हो म्हणाला. त्याला माहीत होतं, हॉर्न येणार नाही.

आखाजीला, म्हणजे अक्षय्य तृतीयेला, दरवर्षी माहेरवाशिणी तिच्या टपरीसमोरच उतरायच्या. पिशव्या बाकड्यावर टाकून आधी पाणी प्यायच्या, मग घरी. टपरीजवळच्या निंबाला झोका असायचा, गाणी व्हायची. यंदा निंबाला दोर लावायला कोणी आलं नाही. ज्या दोन-चार आल्या त्या बायपासला उतरून मागच्या वाटेनं गेल्या. भिकुबाईनं माठ भरून ठेवला होता.

दुपार झाली. जाळ केला. वांगी भाजली. स्वप्नील बाकड्यावर मोबाईल बघत बसला. ऊन कलू लागलं, तशी तिनं हॉर्नशिवायच भाकरी तव्यावर टाकली. पहिल्यांदाच. चांगली फुगली. दोघांनीही हात लावला नाही. भाकरी ताटात गार झाली, चामडं झाली.

मग तिनं जाळावर तांब्याभर पाणी ओतलं.

सुरतेची गाडी धरायला बायपासलाच जावं लागलं. भिकुबाई पहिल्यांदा त्या पुलावर चढली. कठड्याला धरून खाली पाहत राहिली.

"आपली टपरी कोनती रे?"

स्वप्नीललाही सांगता येईना. वरून सगळे पत्रे सारखेच दिसत होते.

पावसाळ्यात एका सुट्टीच्या दिवशी रतिलाल मोटारसायकलवर गावात आला. टपरीला कुलूप पाहून तो बायपासला कुंदनकडे गेला आणि मावशी आजारी आहे का म्हणून विचारू लागला. तेव्हा कुंदनला कळलं. पुलावर गाडी थांबवता येत नव्हती, पण रतिलाल रोज तिथून दोनदा हॉर्न देत होता. पूल टपरीच्या जळगावच्या बाजूला, आणि वारा धुळ्याकडचा. तिचा धूर वारा पुलापर्यंत आणायचा आणि त्याचा हॉर्न जळगावकडे उडवून न्यायचा. आखाजीपर्यंत रतिलालला रोज धूर दिसायचा, आणि त्याला वाटायचं, मावशीनं ऐकलं, भाकरी टाकली.