ओढतंय की

मंडळी, आज सांगलीला माझी रेस होती. मी तिथं पोचलेच नाही.

रेसची गाडी रस्त्यावरून चालवत नेता येत नाही, दुसऱ्या गाडीमागं ट्रेलरवर चढवून न्यावी लागते. भाड्यानं जड पिकअप आणि ब्रेकवाला ट्रेलर घेऊ, म्हणून मी आठवडाभर काकांच्या मागं लागले होते. काकांनी घरची जुनी जीप काढली आणि गावात वेल्डिंग करून घेतलेला ट्रेलर जोडला. त्याला ब्रेकच नाहीत.

"आवं काका, उतारावर थांबायचं कसं?"

"ओढतंय की गं. झालं मग."

आमच्याकडं ट्रॅक्टरमागं उसाच्या दोन-दोन ट्रॉल्या पळतात. त्यामुळं कुठल्याही गाडीबद्दल लोक एकच विचारतात, ओढतंय का? थांबतंय का, हे कुणीच विचारत नाही.

पाटणहून निघालो. काका चालवत होते, मी शेजारी. पहिल्याच मोठ्या उतारावर त्यांनी ब्रेक दाबला, तर मागच्या ट्रेलरनं जीपलाच ढकलत नेलं. जीप रस्त्यातच आडवी फिरली आणि ट्रेलर कडेच्या चरीत उलटला. आम्हाला खरचटलंसुद्धा नाही. माझी गाडी मात्र पार चेपली.

आता काका घराच्या पुढच्या सोप्यात बसून येईल त्याला सांगतायत, "पोरीला लय नाद रेसचा. म्हणत हुतो, कवातरी अंगाशी येणार."

सगळे माना डोलावतायत. चहा मीच देतेय. शेजारच्या आत्तींनी कप घेता घेता विचारलं, "मग आता तरी थांबतीय का पोरगी?"

थांबण्याचं विचारायचं शेवटी सुचलं, तेही माझ्याबद्दल. जीप कोण चालवत होतं, हे तुम्ही तरी विचारलं असतं का?