लुकलुकणारा लाल दिवा

समोरच्या देशपांड्यांनी दारावर लाल दिव्याचा कॅमेरा बसवला, तेव्हापासून मी कचरा टाकायलासुद्धा शर्टाची बटणं लावून बाहेर पडत होतो. परवा तो दिवा बंद पडला. माझ्याकडे सोल्डरिंगचं सामान आहे, म्हणून ते कॅमेरा काढून मलाच दाखवायला घेऊन आले. उघडला, तर आत कॅमेरा नव्हताच. नुसते दोन ट्रान्झिस्टर, दोन कपॅसिटर, थोडे रेझिस्टर आणि एक सुटलेली वायर.

"आत काय आहे ते कुणाला बोलू नका हं," देशपांडे म्हणाले.

वायर जोडली, दिवा लुकलुकू लागला. गमतीचं सर्किट आहे हे. दोन ट्रान्झिस्टर अगदी सारखे, समोरासमोर बसवलेले. एक चालू झाला की दुसऱ्याला बंद पाडतो. कपॅसिटरमध्ये वीज भरेपर्यंत दुसरा गप्प राहतो, मग उठतो आणि पहिल्याला बंद पाडतो. दोघांनी मिळून निवांत बसणं त्यांच्या जोडणीतच नाही.

कॅमेरा परत लावायला मीच स्टुलावर चढलो. जुन्याच भोकांत स्क्रू पिळताना लक्षात आलं, त्याचं तोंड जिन्याकडे नाही. माझ्या दाराकडे आहे.

"थँक्यू हं," म्हणत देशपांडे आत गेले, आणि त्यांची कडी वाजली. मग मीही आत आलो आणि माझी कडी लावली.