पाचव्या चित्रानंतरची वीस मिनिटं

माझी ताई दिवसाला पाच स्वयंपाकघरं उभी करते. विटा नाहीत, सुतार नाही, सगळं संगणकावर. मी ज्या फर्निचर कंपनीच्या कारखान्यात प्लायवूड कापणाऱ्या मशिनांवर सुपरवायझर आहे, तिच्याच शोरूमसाठी ती हे काम घरून करते. गिऱ्हाइकाच्या घराची मापं दुपारी दीडला येतात आणि संध्याकाळी सहाला त्याला आपलं होऊ घातलेलं स्वयंपाकघर फोटोसारखं बघायला मिळतं. ओट्यावर ऊन, काचेच्या भांड्यात लिंबं, खिडकीबाहेर झाड. तिच्या स्वतःच्या स्वयंपाकघरात दोन माणसं उभी राहिली की एकानं पोट आत घ्यावं लागतं, आणि खिडकीबाहेर समोरच्या इमारतीचे सांडपाण्याचे पाइप दिसतात.

ही नोकरी मीच तिला लावून दिली, असं मी चारचौघांत ऐटीत सांगतो. बाबांना अर्धांगवायू झाला तेव्हा कुणीतरी घरात थांबायला हवं होतं. मला बायको होती, दोन मुलं होती, कारखान्याची पाळी होती. ताईला यातलं काही नव्हतं, म्हणून ती थांबली. कुणी ठरवलं नाही, कुणी विचारलंही नाही. मी तर अजिबात नाही.

त्याला आता सात वर्षं झाली. ताई सत्तेचाळीस वर्षांची आहे. केसांत पेन्सिल खोचते आणि नंतर तीच पेन्सिल घरभर शोधते. बोलणं कमी, पण बोलली की समोरचा गप्प. बाबा पूर्वी मशीन फिटर होते. आता उजवी बाजू गेली आणि शब्द तीन उरले. 'पाणी', 'बास' आणि 'कुठंय'. ताई डोळ्यांआड झाली की 'कुठंय' सुरू होतं आणि ती दिसेपर्यंत थांबत नाही. न्हाणीघरातून 'आले, आले' असं ओरडत अंघोळ करणारी दुसरी बाई मी पाहिलेली नाही.

चार ते सहा बाबांचं करायला एक मावशी येतात. अंग पुसणं, हातापायांचे व्यायाम, खाणं. बाबा त्यांचं ऐकतात, त्या दोन तासांत 'कुठंय' जवळजवळ नसतं. म्हणजे ताईनं बाहेर पडावं तर याच वेळात. पण नेमकी हीच वेळ चित्रांची. दीडला मापं आली की कपाटं, ओटा, दिवे सगळं रचून व्हायला चार वाजतात. मग त्या रचनेचं चित्र संगणक स्वतः तयार करतो, त्याला हे लोक रेंडर म्हणतात. एका चित्राला चोवीस मिनिटं. पाच चित्रांचे झाले दोन तास. बरं, तो प्रोग्राम कंपनीनं दिलेला, जुनाट. प्रत्येक चित्रात चार वेळा थांबतो आणि विचारतो, 'पुढे जायचे का?' कुणी 'हो' दाबेपर्यंत ढिम्म हलत नाही. त्यामुळे ताई चार ते सहा खुर्चीत. सहा वाजले की चित्रं जातात आणि मावशीही जातात.

दोन गल्ल्या पलीकडे पोहायचा तलाव आहे. बायकांची वेळ चार ते सहा. कॉलेजात असताना ताई त्याच तलावात या टोकाहून त्या टोकाला एका दमात पाण्याखालून जायची. मी काठावर बसून घाबरून आकडे मोजायचो. ती पलीकडे वर यायची आणि आधी मला जीभ दाखवायची.

गेल्या वर्षी ती एकदम म्हणाली, "मी याचा प्रोसेसर पळवणार आहे."

मी म्हटलं, "कुठं?"

"कुठं नाही. जागच्या जागी. जास्त वेगानं चालवायचा."

संगणक दुरुस्त करणाऱ्याला तिनं आधीच विचारलं होतं. त्यानं नाक मुरडून नवा घ्या म्हणून सांगितलं. पण बोलता बोलता त्याच्या तोंडून निघून गेलं, की हा प्रोसेसर वेगाला कुलूप नसलेल्या जातीचा आहे, ठरल्यापेक्षा जास्त पळवता येतो. बस. पुढचे तीन आठवडे ताई वाचत होती. मी आपला जाणकारासारखा म्हणालो, "जळेल हं. मग बसशील डोक्याला हात लावून."

"जळतो तो घाई करणाऱ्यांचा," ती म्हणाली.

आणि तिनं खरंच घाई केली नाही. आधी सगळ्या फायलींची दुसरीकडे नक्कल करून ठेवली. मग संगणकाचा डबा उघडून सहा वर्षांची धूळ काढली. प्रोसेसरवरची गरमी ओढून घेणारी, पण वाळून खडू झालेली पेस्ट पुसली, नवी लावली, तांदळाच्या दाण्याएवढीच. वर मोठा पंखा बसवला. हे सगळं झाल्यावरही वेग वाढवला नाहीच. आधी नुसता कामाचा भार देऊन गरमी किती होते ते पाहिलं आणि वहीत लिहिलं. बासष्ट अंश. मग संगणक सुरू होताना एक बटण दाबून आतल्या सेटिंगची पाटी उघडली. तिथं वेगासाठी पस्तीसचा आकडा होता, त्याचा छत्तीस केला. एकच घर. अर्धा तास पूर्ण भार, गरमी बघायची, लिहायची, मग सदतीस. ऐंशीच्या वर जायचं नाही, ही रेघ तिनं पहिल्याच पानावर लाल पेननं मारली होती.

एका रविवारी मी मुलांना घेऊन गेलो तर बाबांची खाट संगणकाजवळ ओढलेली, आणि बाबांचा चालता डावा हात डब्याच्या कुशीवर. आयुष्यभर मशिनाला हात लावून त्याचा ताप ओळखलेला माणूस. एक्केचाळीसपर्यंत सगळं सुरळीत गेलं. बेचाळीसला संगणक मध्येच बंद पडला. ताईनं व्होल्टेज एक बारीक पायरी वाढवलं, मग टिकला. सत्त्याहत्तर अंश. त्रेचाळीस केले, व्होल्टेज आणखी दोन पायऱ्या मागायला लागला, गरमी सत्त्याऐंशीवर गेली. बाबा म्हणाले, "बास."

ताईनं परत बेचाळीस केले. मग दिवसभर भार देऊन ठेवला, एकदाही चुकला नाही. वहीत लिहिलं, 'बेचाळीस. स्थिर.'

आता एका चित्राला वीस मिनिटं लागायला लागली. एवढा खटाटोप करून चित्रामागे वाचली चार मिनिटं! मला हसू आलं. ताई म्हणाली, "पाच चोक वीस. पाच चाळीसला माझं संपतं."

"आणि वीस मिनिटांत करणार काय?"

"खाली जाऊन येते."

तिनं सगळं बसवलं होतं. पाचवं चित्र पाच चाळीसला तयार झालं तरी पाठवायचं नाही. पडद्यावर तसंच ठेवायचं. बहात्तर पायऱ्या उतरायच्या, इस्त्रीचं दुकान, सायकलींचा स्टँड, मग तलावाचं रेलिंग. तिथं चार मिनिटं उभं राहायचं. पाणी बघायचं, क्लोरिनचा वास घ्यायचा आणि परत. सहाला दोन मिनिटं कमी असताना खुर्चीत. बरोबर सहाला 'पाठवा'. शोरूमच्या लेखी ताई पूर्वीसारखीच सहाला संपवत होती.

"हे बाहेर बोलू नकोस," ती मला म्हणाली. "मशीन पळतंय ते कळलं तर काम वाढेल."

मी गळ्याला हात लावून हो म्हणालो. चार महिने ताई रोज खाली जाऊन आली. तिच्या चेहऱ्यावर उन्हाचा रंग आला. एकदा फोनवर तिनं मला सांगितलं, की तलावावर एक आजी नाकाला चिमटा लावून पोहायला शिकतायत आणि रोज आधी पाण्यालाच दटावतात. सहा वर्षांत तिनं मला घराबाहेरची सांगितलेली ही पहिली गोष्ट. मी ती बायकोला दोनदा सांगितली.

आणि मग मी माती खाल्ली.

शोरूमचा प्रमुख कारखान्यात आला होता. त्याला आम्ही 'पॉलिश' म्हणतो, कारण बोलणं गुळगुळीत आणि खाली सगळा भुसा. चहा पिता पिता तो म्हणाला, "तुमच्या ताईंचं काम चांगलं आहे हो, पण ठोक्याला सहा. घरबसल्या काम म्हटलं की जरा निवांतपणा येतोच, नाही का?"

माझ्या अंगाचा तिळपापड झाला. घरबसल्या! निवांत! एकदा बाबांचं अंथरूण बदलून बघ म्हणावं. माझी जीभ सुटली. "निवांत? तुमच्या ऑफिसात कुणाला जमलं नाही ते तिनं एकटीनं केलंय. जुनं मशीन स्वतः उघडून पळवलं. वीस मिनिटं आधी संपवते ती!"

पॉलिशनं कप खाली ठेवला. "वा," तो म्हणाला. "हे छानच झालं."

दुसऱ्या दिवशी दीडला ताईकडे सहा मापं आली. वीस सक एकशे वीस. हिशेब कुठं बोट घालायला जागा ठेवत नव्हता.

त्याच्या दुसऱ्या दिवशी संध्याकाळी मी गेलो. ताईनं मला शिव्या द्याव्यात अशी माझी फार इच्छा होती. तिनं चहा दिला.

"त्यांना नाही म्हण की," मी म्हणालो. "पाचाचं ठरलं होतं."

"आणि त्यांनी दुसरी बघितली तर? घरून करायचं काम दुसरं कोण देणार मला?"

"मग आणखी थोडा वेग वाढव. त्रेचाळीस, चव्वेचाळीस."

तिनं वही पुढे सरकवली. आदल्याच दिवशीची तारीख, त्रेचाळीस, चव्वेचाळीस, समोर ब्याण्णव अंश, आणि पुढे फुली. "यातून आता काही निघत नाही," ती म्हणाली. "आणि जळला तर पाचही गेली." मग वही मिटत, माझ्याकडे न बघता, "ती वीस मिनिटं माझी होती रे."

आतून बाबा म्हणाले, "कुठंय?" ती उठून गेली.

घरी जाताना मला जे सुचलं ते सहा वर्षांत एकदाही सुचलं नव्हतं, हे सांगताना आजही मान खाली जाते. रविवारी शोरूम बंद, मावशींना सुटी, तलाव मात्र उघडा. आणि रविवारी मी दर वेळी येतो, मुलं धिंगाणा घालतात, ताई सगळ्यांचं खाणंपिणं बघते आणि आम्ही तासाभरात पाय काढता घेतो. मी काय भाऊ होतो की पाहुणा?

पुढच्या रविवारी चारला एकटाच गेलो. म्हटलं, "सहापर्यंत मी इथं आहे. बाबांचं सगळं करतो. तू जा. पोहायला जा."

ती आत गेली, कपाटाच्या वरच्या खणातून एक पिशवी काढली. टॉवेल, टोपी, नवा पोहण्याचा पोशाख, लेबलसुद्धा तसंच. तो तिनं कधी घेऊन ठेवला होता कुणास ठाऊक. दारात तीन वेळा थांबून मला औषधं सांगितली. मी तिला जवळजवळ ढकललंच.

बाबा लगेच म्हणाले, "कुठंय?"

"पोहायला गेलीय, बाबा."

"कुठंय?"

मी त्यांचा हात धरून बसलो. तो किती जड असतो हे मला माहीत नव्हतं. 'कुठंय'ला मी पंचवीस-तीस वेळा उत्तर दिलं असेल. मला वाटलं, तासभर तरी झाला. तेवढ्यात दाराचं कुलूप वाजलं.

ताई होती. घामेजलेली, केस कोरडे, पिशवी तशीच घडी केलेली. मी घड्याळ बघितलं. चार वाजून वीस मिनिटं.

"का गं? बंद होता?"

"उघडा होता." तिची नजर सवयीनं संगणकाकडे गेली. तो बंद होता. "रेलिंगपर्यंत गेले. दार पलीकडेच आहे, वीस पावलं. चार मिनिटं झाली आणि पाय वळले. मी वळवले नाहीत रे. आपले आपण वळले."

"अगं, अजून दीड तास आहे. परत जा ना!"

तिनं मान हलवली. खुर्चीत बसली, श्वास खाली बसू दिला. बाबांनी तिला पाहिलं आणि ते गप्प झाले. मला रडू येत होतं, म्हणून मी उगाच चादर नीट करत राहिलो.

थोड्या वेळानं तिनं केसांतली पेन्सिल काढली, वही उघडली आणि ब्याण्णवच्या फुलीखाली त्या दिवशीची तारीख घातली. पुढे लिहिलं, वीस.

"पुढच्या रविवारी येशील?" तिनं विचारलं.

"येईन. दर रविवारी येईन."

"मग पुढच्या वेळी पंचवीस करून बघते," ती म्हणाली.