घाटात मोटरीनं हवा धरली

मोताळ्यात माझं मोटरी बांधायचं दुकान आहे. विहिरीतली नाहीतर बोअरमधली जळालेली मोटर लोक दुचाकीच्या मागे आडवी बांधून आणतात. मी तिची जळकी तार उपसतो, नवी भरतो, आणि जाताना एक उपदेश फुकट देतो, "आधी विहिरीले पाणी किती ते पाह्य, मंग मोटर मोठी घेजो." हे वाक्य मी इतक्यांदा बोललोय, की ते तोंडातून निघतं पण माझ्याच कानात शिरत नाही.

शिरलं असतं तर ही गोष्ट घडली नसती.

झालं असं, की मी एक जुनी परदेशी गाडी घेतली. पेट्रोलची, टर्बोवाली. टर्बो म्हणजे इंजिनात जबरदस्तीनं हवा कोंबणारा पंखा. तेवढ्यावर माझं भागलं असतं तर मी कसला मी! मूळचा टर्बो काढून मी त्याहून मोठा बसवून घेतला. बायकोनं विचारलं, "काऊन? पयलेची चालत नव्हती काय?"

"चालत होती. आता पळते."

"आपल्याले कुठं पळून जायचं हाये?"

बायको बुलढाण्याला एका दवाखान्यात नर्स आहे. सकाळी तिला सोडायला राजूरचा घाट चढायचा, हा माझा नेम. घाट हे माझं मैदान आणि बायको एकुलती एक प्रेक्षक, तीही पट्ट्यानं बांधलेली.

आता इंजिनात हवा जास्त गेली की पेट्रोलही त्या मानानं जास्त लागतं. नाही मिळालं तर इंजिन उपाशीपोटी तापतं आणि आतला पिस्टन वितळतो. म्हणून टाकीतलं पेट्रोल उपसणारा पंप बदलणं भाग होतं. ज्यानं टर्बो बसवला त्या मलकापूरच्या मिस्त्रीनं माझ्यापुढे दोन रस्ते ठेवले. एक, टाकीत एकच दांडगा पंप टाकायचा. दुसरा, टाकीत साधा पंप राहू द्यायचा, त्यानं बाहेरची एक लहानशी टाकी सतत भरलेली ठेवायची, आणि मोठ्या पंपानं त्या लहान टाकीतून ओढायचं.

"दुसरं करा भाऊ," तो म्हणाला. "वळणावर पेट्रोल एका अंगाले पळते. टाकीत कमी असलं, तं मोठा पंप उघडा पडते."

"लेका, मोटरी बांधता बांधता माहे केस पिकले, अन् तू मले पंप शिकवून राह्यला? दोन पंप म्हणजे दोन भानगडी. एकच टाक, पण बाप टाक."

"बरं, मंग टाकी अर्ध्याखाली जाऊ देऊ नोका."

"हाव, हाव."

हे 'हाव, हाव' माझ्या चांगल्या ओळखीचं. मी विहिरीच्या पाण्याचं सांगतो तेव्हा गिऱ्हाईकही मला हेच म्हणतं, आणि उन्हाळ्यात तीच मोटर जळून माझ्याकडे परत येते.

नवा पंप चावी फिरवली की मागच्या सीटखाली गुणगुणायला लागायचा. "मच्छर शिरला काय गाडीत?" बायको म्हणायची. मला मात्र तो आवाज भरल्या विहिरीवर बसल्यासारखा वाटायचा. काही दिवस असे गेले. गाडी पळत होती, मी फुगत होतो आणि टाकीचा काटा खाली सरकत होता. पेट्रोल मी मुद्दामच कमी ठेवायचो. भरल्या टाकीचं वजन गाडीला कशाला, असं एक शर्यतवाल्यांचं शहाणपण मी मोबाईलवर ऐकलं होतं. घाटात कुणाशी शर्यत लावणार होतो, ते विचारू नका.

त्या सकाळी घाटात पुढे कापसाचा ट्रक होता. दोन्ही अंगांनी फुगलेला, ताडपत्री बांधलेला, हळूहळू चढत होता. वळणाच्या अलीकडे मला रस्ता मोकळा दिसला. म्हणजे दिसला असं मला वाटलं.

"राहू द्या ना," बायको म्हणाली. "टाइम हाये मले."

मी पाय दाबला. गाडी उसळली, ट्रकच्या बरोबरीला आली आणि रस्ता डावीकडे वळला. त्याच क्षणी मागच्या सीटखालचा आवाज बदलला.

विहिरीचं पाणी तळाला गेलं की मोटरीचा आवाज आधी बारीक होतो. भरल्या गळ्यानं गाणारा एकदम कोरड्या गळ्यानं किंचाळावा, तसा. त्याला आम्ही म्हणतो मोटरीनं हवा धरली. आमच्याकडे माणूस धुऱ्यावर, म्हणजे शेताच्या बांधावर, जेवत बसलेला असला, तरी तो आवाज ऐकून हातातला घास टाकून धावतो. तो आवाज मी जन्मभर ऐकलाय. पण आता तो माझ्या पाठीमागून येत होता, आणि धावायला कुठे जागा नव्हती.

इंजिननं दोन आचके दिले आणि जीव सोडला. माझा पाय तळापर्यंत दाबलेलाच. गाडी चढावर अशी मंदावली, जशी कुणी मागून दोर लावून धरली. डावीकडे ट्रकची चाकं, उजवीकडे कठडा, कठड्यापलीकडे दरी. आणि समोरून, वळणाआडून, उतारानं एसटी.

इंजिन बंद, म्हणून स्टेअरिंगही दगडासारखं जड झालं होतं. वाचवलं आम्हाला ते गाडीच्या मरण्यानंच. ती इतकी हळू झाली की ट्रक तिला मागे टाकून पुढे सरकला, आणि दोन्ही हातांनी स्टेअरिंग ओढत मी तिला त्याच्या मागे कशीबशी लोटली. एसटीचे ब्रेक किंचाळले. ती थांबली तेव्हा तिच्या बंपरवरचा चिखल मला जवळून दिसत होता.

ड्रायव्हरनं खिडकीतून मान काढली. "काऊन बे नवरदेवा! चढत नाई तं ढकलत न्यायची ना! त्या बाईले तरी खाली उतरव!"

मी हाताचा ब्रेक ओढला. एसटी गेली. ट्रकवालाही पुढे बाजूला थांबून मागे बघत होता. मी बायकोकडे पाहिलं. ती दाराच्या वरची कडी धरून सरळ समोर बघत होती. ओठ पांढरे पडलेले.

"पेट्रोल एका बाजूले गेलं," मी म्हणालो. अशा वेळीही खुलासा सुचतो, हे माझं वैशिष्ट्य.

तिनं पट्टा काढला, डबा आणि पर्स घेतली. "मी त्या कापसाच्या गाडीत जातो." आमच्याकडे बायकाही 'जातो'च म्हणतात. त्या एका शब्दात रागबिग काही नव्हता, त्याचीच मला जास्त धास्ती वाटली. ती ट्रकच्या केबिनमध्ये चढली आणि माझा ताशी शे-दीडशेच्या गप्पांचा संसार बैलगाडीच्या वेगानं वर निघून गेला. कठड्यावरची माकडं माझ्याकडे बघत राहिली.

त्यानंतर मिस्त्रीकडे जाऊन मी मुकाट्यानं दोन पंप आणि लहान टाकी बसवून घेतली. खरं म्हणजे ही आमची जुनीच रीत. विहिरीला पाणी कमी असलं की लहान मोटरीनं आधी हौद भरायचा आणि हौदातून दुसऱ्या मोटरीनं ठिबकला पाणी द्यायचं. कित्येकांना मी हे करून दिलंय. मिस्त्री फक्त एकदाच खोकला.

मग मी घाटात एकटाच फिरलो. बायकोच्या सीटवर तिच्या वजनाची म्हणून एक जळकी मोटर पट्ट्यानं बांधली, टाकी मुद्दाम तळाला आणली आणि त्याच वळणावर पाय दाबला. आवाज बदलला नाही. परत खाली आलो, परत दाबला. एकदाही बदलला नाही. तरी प्रत्येक वळणाला माझी मान आखडायची, आणि वर पोहोचलो की शर्ट पाठीला चिकटलेला असायचा.

"झाली काय गाडी?" एसटीला निघताना बायको विचारायची.

"नाई अजून. एक पार्ट यायचा हाये."

कसला पार्ट? गाडी ठणठणीत होती. मलाच तिला शेजारी बसवायचं धाडस होत नव्हतं. जळकी मोटर दरीत गेली असती तर मी दुसरी बांधली असती.

एका सकाळी एसटी आलीच नाही. मी दुकान उघडत होतो. बायको स्टँडवरून परत आली, गाडीचं दार उघडलं, सीटवरची मोटर पाहिली. माझ्याकडे पाहिलं.

"हे कोण हाये माह्या जागेवर?"

मी मोटर उतरवली. ती बसली, पट्टा लावला. "चला. ड्युटी हाये."

घाटाआधी मी थांबून टाकी गळ्यापर्यंत भरली. मग पूर्ण घाट एका ट्रॅक्टरच्या मागे चढलो. स्कूटरवाल्या पोरी आम्हाला मागे टाकून गेल्या.

"घ्या ना पुढं," ती म्हणाली. "मोकळा हाये रस्ता."

"राहू दे. टाइम हाये."

मी गाणी लावली नव्हती. मला पंप ऐकायचा होता. ते वळण आलं. मागून दोन्ही पंपांचा आवाज येत होता, भरला, एकसारखा. मी तिला सांगायला वळलो, की ऐक, हवा नाही धरली.

ती ऐकतच होती. मान थोडी मागे, कान मागच्या सीटकडे. आणि हात दाराच्या वरच्या कडीला, बोटं पांढरी होईस्तोवर आवळलेला. मी परत समोर पाहिलं.

दवाखान्याच्या फाटकाशी गाडी थांबली तेव्हाच तिनं कडी सोडली. बोटं उघडायला तिला जरा वेळ लागला. डबा घेतला, उतरली, मग खिडकीत वाकली.

"चांगली चालली गाडी," ती म्हणाली. "संध्याकाळी येऊ नोका पण. एसटीनं येतो मी."