तीन शिट्ट्या, एक कप्पा

घरात सामान कधी साचतं ते कोणालाच कळत नाही. ठरवून कोणी माळा भरत नाही. किस्स्यांचंही तसंच आहे बघा! प्रताप नगरच्या आमच्या गल्लीत आम्ही तिघी जणी दोन वर्षांपासून एकमेकींची घरं रिकामी करून राहिलो, अन् जितकं सामान बाहेर गेलं त्याच्या दुप्पट किस्से घरात आले. सामान कबाडीवाला नेतो. किस्से कोण नेणार? म्हणून आज तुमच्यासमोर काढून ठेवते.

तिघी म्हणजे वंदना, मंगला अन् मी. आमची लीडर वंदना. पण लीडर व्हायच्या आधी ती भोकाड पसरून रडली होती. तिनंच सांगितलंय, म्हणून मी सांगते.

झालं असं, की दिवाळीच्या सफाईला तिनं घरातली सगळी कपाटं एकाच दिवशी उपसली. पलंगावर ढीग, सोफ्यावर ढीग, जमिनीवर ढीग. संध्याकाळी नवरा आला, त्याला टेकायलाही जागा नाही. बिचारा दारातूनच म्हणाला, "चहा होईल का?" अन् ही जी रडायला लागली! शेवटी दोघांनी मिळून सगळं जसंच्या तसं परत कोंबलं.

मग पंधरा दिवसांनी ती कुकर लावून ओट्याशी नुसती उभी होती. सहज चमच्यांचा ड्रॉवर उघडला. त्यातून चार किल्ल्या निघाल्या, त्यांची कुलपंच घरात नाहीत. मिक्सरचं गॅरंटी कार्ड निघालं, मिक्सर जाऊन दहा वर्षं झाली! तिसरी शिट्टी झाली तेव्हा ड्रॉवर लख्ख. आता हात दुसऱ्या ड्रॉवरकडे चालला होता, तर तिनं स्वतःच्याच हातावर चापट मारली.

"म्हटलं, नाही! डाळ शिजली, आता आपणही थांबायचं. जास्त शिट्ट्या झाल्या तर डाळीचा लगदा होतो अन् बाईचाही."

तोच आमचा नियम झाला. तीन शिट्ट्या, एक कप्पा. एवढ्याशा ड्रॉवरमधून एवढी अक्कल निघाली, याचं मला अजून नवल वाटतं.

*

दुसरा नियम मंगलाचा. वस्तू हातात घ्यायची अन् तिला तोंडावर विचारायचं, "काहून?" म्हणजे बाई, तू या घरात का आहेस? उत्तर काहीही चालेल. आवडते म्हणून, आईनं दिली म्हणून, रोज लागते म्हणून. फक्त एक उत्तर बाद. "कामी पडेल."

"कामी पडेल म्हटलं की वस्तू गेली!" मंगला बजावून सांगायची.

माझ्या घराची पाळी आली तेव्हा मी आमच्या ह्यांचा वायरींचा डबा पुढे केला. मनात म्हटलं, सापडले आज! डबा उघडला तर चौदा चार्जर, सगळे एकमेकांत गुंतलेले. कुकर चढला. वंदनानं पहिला चार्जर उचलला अन् ह्यांच्या पुढे धरला. "भाऊजी, काहून?"

हे शांतपणे म्हणाले, "हा बाबांच्या फोनचा. शेवटपर्यंत त्यांना लॉक उघडता आलं नाही." दुसरा उचलला. "हा पोराच्या कॉलेजचा." चौदा चार्जर, चौदा उत्तरं, एकही अडखळलं नाही! शेवटचा जाड काळा चार्जर त्यांनी स्वतःच उचलला. "हा हिच्या पहिल्या फोनचा. माहेराहून हिनं मला पहिला मिस कॉल दिला होता."

मी तर बघतच राहिले. वीस वर्षं ज्या डब्यावरून मी या माणसाशी भांडले, तो डबा निघाला आमच्या घराची वही! तिसरी शिट्टी झाली. वंदना डोळे पुसत म्हणाली, "भाऊजी, डबा राहू द्या. आमची वेळ संपली."

दुसऱ्या दिवशी त्यांनी स्वतःच तेरा चार्जर कबाडीवाल्याला दिले. मिस कॉलवाला ठेवला.

*

दुसऱ्यांना "काहून" विचारणाऱ्या मंगलाच्या सज्ज्यावर काय होतं माहीत आहे? संत्र्यांची खोकी! तिचं माहेर काटोलचं. भाऊ दर हंगामाला एसटीनं संत्री आणून देतो. संत्री पोटात गेली, खोकी सज्ज्यावर.

आम्ही एकेक खाली काढलं. खोक्यात खोकं, त्यात आणखी लहान खोकं. सगळ्यात आतल्यावर तिच्या नवऱ्याच्या अक्षरात चिठ्ठी चिकटवलेली, "रिकामं आहे. टाकू नये."

"काहून वं मंगला?" आम्ही दोघी एका सुरात.

मंगलाचं तोंड एवढंसं झालं. तेवढ्यात भाऊ दारात हजर! खोक्यांचा ढीग बघून त्यानं डोक्याला हात लावला. "बाई, मी तिकडे खोक्यांसाठी फिरून राहिलो, अन् तू सारी इथं दाबून बसली?"

सगळी खोकी सुतळीनं बांधून तो संध्याकाळच्या एसटीनं घेऊन गेला. सज्जा रिकामा झाला, मंगलानं सगळ्यांना बोलावून दाखवला. महिन्याभरानं खोकी परत आली. भरून!

*

यानंतरचा किस्सा भांड्यांचा. पूर्वी स्टीलच्या भांड्यावर नाव कोरून घ्यायची पद्धत होती ना, म्हणून हा किस्सा घडला. वंदनाच्या मांडणीवरून एक डबा निघाला, त्यावर नाव कोरलेलं, "सौ. लीला." लीला म्हणजे समोरच्याच घरची. नळाच्या पाण्यावरून दोघींचं भांडण झालं होतं, नऊ वर्षं बोलणं बंद.

"मी नाही जात," वंदना म्हणाली.

"काहून?" मी विचारलं. आमचाच नियम, तिच्यावरच उलटला!

शेवटी गेली. रिकामा डबा परत द्यायचा नसतो, म्हणून त्यात चिवडा भरला. आम्ही फाटकाआडून बघत होतो. लीलानं डबा घेतला, नाव वाचलं अन् आत गेली. वंदना परत फिरलीच होती, तर मागून हाक आली, "थांब वं!" लीलाच्या हातात पातेलं. त्यावर कोरलेलं, "सौ. वंदना."

"रोज यातच दूध तापवते मी," लीला म्हणाली.

नऊ वर्षं दोघी एकमेकींची भांडी घरात बाळगून होत्या अन् एकमेकींचं तोंड बघत नव्हत्या! माणूस काय चीज आहे हो! चिवडा तिथंच पायरीवर बसून संपला.

*

आता दामूभाऊंचं ऐका. दामूभाऊ खापरखेड्याच्या वीज केंद्रात फिटर होते, रिटायर होऊन अठरा वर्षं झाली. गल्लीत कोणाचाही पंखा, कोणाचीही मोटर, दामूभाऊ हजर. पण त्यांच्या घरातली खालची खोली! तुटक्या खुर्च्या, पाइप, सायकली, पत्रे. दार अर्धंच उघडायचं. ते अन् त्यांची बायको शांताकाकू वर राहायचे.

एक दिवस शांताकाकू पडल्या अन् खुब्याचं हाड मोडलं. ऑपरेशन झालं. डॉक्टरांनी सांगितलं, आता वॉकर, जिना बंद. आठव्या दिवशी सुटी. मुलगा म्हणाला, आईला पुण्याला नेतो. काकूंनी हॉस्पिटलच्या पलंगावरून नवऱ्याला एवढंच विचारलं, "माह्या घरात माह्यासाठी एक खोली नाही का, जी?"

दामूभाऊ तसेच वंदनाच्या दारात आले. असा धिप्पाड माणूस, अन् उंबऱ्यावरच खाली बसला. "सुरू कुठून करू वं बाई? दारातच हिंमत सुटते. आठ दिवसांत नाही झालं तर शांता पुण्याला जाईल. ती तिथं जगायची नाही, अन् मी इथं."

मी म्हटलं, "भाऊ, रोज एक कप्पा." त्यांनी नाही म्हणून मान हलवली. वंदनानं तीन शिट्ट्या समजावल्या, तरी नाहीच. मग तिलाच कुठून सुचलं देव जाणे! ती म्हणाली, "भाऊ, तुमच्या वीज केंद्रात वर्षातून एकदा मशीन बंद करून सगळं खोलत होते, त्याला काय म्हणायचे?"

"शटडाउन."

"मग खोलीचं शटडाउन घ्या."

दामूभाऊ ताठ झाले. "शटडाउन? मंग आधी सांगाव ना वं! शटडाउनमधी तारीख चुकत नसते!"

दुसऱ्या दिवशी सकाळी बघतो तर काय, डोक्यावर पिवळं हेल्मेट, खिशात दोरा ओवलेली पुठ्ठ्याची कार्डं. मशीनवर लावायचे तशी. "जाईल", "राहील", "दुरुस्ती". पहिल्या दिवशी फक्त दारामागचं काढलं, दार पूर्ण उघडेल एवढंच. सकाळी वंदनाचा कुकर, दुपारी माझा, संध्याकाळी मंगलाचा. तीन शिट्ट्या झाल्या की हा माणूस हेल्मेट काढून बसायचा अन् ज्या घरचा कुकर त्या घरचं वरण-भात खायचा. मी विचारायची, "काहून?" ते म्हणायचे, "काहीच कारण नाही," अन् "जाईल"चं कार्ड बांधायचे. अठरा वर्षांत न सुटलेला हात असा सुटलेला मी पहिल्यांदा बघितला.

सातव्या दिवशी भिंत दिसली. भिंतीला टेकून हातमागाचे दोन लांब लाकडी दांडे, विणलेलं कापड गुंडाळायचे. काकूंचे वडील उमरेडला विणकर होते. ते गेल्यावर माग मोडला, तेव्हा काकूंनी हे दोन दांडे आणले होते. एकावर वडिलांचा हात रोज पडून झिजलेली खोलगट जागा होती.

"भाऊ, काहून?"

दामूभाऊंनी "दुरुस्ती"चं कार्ड काढलं अन् दांड्यांना बांधलं.

मी चिडले हो! उद्या बाई घरी येणार, पलंग लागायचाय, वॉकर फिरायला जागा पाहिजे, अन् ह्यांचं सुरू झालं पुन्हा! मी बोलून गेले, "भाऊ, बायको पाहिजे की लाकडं?" वंदनानं माझा हात दाबला. दामूभाऊ दांडे खांद्यावर घेऊन मागच्या अंगणात गेले. दिवसभर तिकडून रंध्याचा अन् ड्रिलचा आवाज येत होता.

आठव्या दिवशी दुपारी गाडी आली. गल्लीतले सगळे फाटकाशी उभे, लीलासुद्धा. मुलानं आईला उतरवलं. शांताकाकू वॉकर ठोकत ठोकत खोलीच्या दारात आल्या अन् थबकल्या. रिकामी खोली, पांढऱ्या भिंती, खिडकीशी पलंग. अन् पलंगापासून बाथरूमच्या दारापर्यंत, भिंतीला कमरेच्या उंचीवर, धरून चालायला लाकडी कठडा. दोन दांडे, मधोमध जोडलेले, जोड हाताला लागूसुद्धा नये असा.

काकूंनी वॉकर सोडला. आम्ही सगळे एकदम पुढे धावलो, त्यांनी मानेनंच थांबवलं. कठड्यावर हात ठेवला. बोटं पुढे सरकत गेली, एका गुळगुळीत खोलगट जागी थांबली.

मग मागे न बघता विचारलं, "काहून, जी? हे नाही टाकलं?"

दामूभाऊंनी डोक्यावरचं हेल्मेट काढून छातीशी धरलं. आधी मंगलाकडे बघितलं, मग माझ्याकडे, चोरी पकडल्यावाणी.

म्हणाले, "कामी पडेल म्हनून."